एका खोळीतल्या दोघी

माझी मुलगी मला काकी म्हणते. आता ती बारामतीला कॉलेजात जाते. रोज सकाळी याच घरातून सायकल काढते आणि निघताना अंगणातून ओरडते, "आई, येते गं. काकी, येते ओ." त्यातली आई म्हणजे माझी थोरली जाऊ आणि काकी म्हणजे मी, तिला पोटात वागवलेली. घरात नवीन पाहुणा असला की त्याचा गोंधळ उडतो. मग कुणीतरी हसत हसत त्याला सगळं समजावून सांगतं, आणि मी चहा टाकायला आत जाते.

यात कुणाचं काही चुकलं नाही हे मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. एकत्र घरात असंच होतं म्हणे. जावेची दोन मुलं थोरली. ती तिला आई म्हणायची आणि मला काकी. माझी पोरगी त्यांच्या मागं मागं रांगली, त्यांचं ऐकून बोलायला लागली. माझा नवरा तर स्वतःच्या आईला शेवटपर्यंत वहिनी म्हणत होता, कारण त्याचे चुलते तसं म्हणायचे. त्याला त्यात काही वाटलं नाही आणि माझ्या सासूलाही नाही. मला मात्र वाटतं. त्यातही गंमत अशी की आईला ती अगं-तुगं करते आणि मला अहो-जाहो. शेजारणी म्हणतात, पोरगी किती मान देते तुम्हाला. मान काय चाटायचाय?

मी इंदापूरला एका सरकारी कचेरीत आहे. काटेवाडीच्या पुढं पाटाच्या कडेनं आत गेलं की आमचा मळा. घरातून अंधारात निघायचं, फाट्यावर एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पोरगी अक्काच्या, म्हणजे जावेच्या मांडीवर ठेवून मी कामावर गेले. अक्कानं तिला सांभाळलं, भरवलं, दुखण्याखुपण्यात जागली. याबद्दल मी तिचे उपकार मानते. पण उपकार मानणं आणि जळणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात, हे मला माझ्यावरूनच कळलं.

पोरगी आठवीत गेली तेव्हा मी तिला सायकल घेतली. शाळा गावात आणि घर मळ्यात, त्यामुळं सायकलीची गरज होतीच. पण मला त्यात दुसरंच काहीतरी दिसत होतं. माझं माहेर इंदापूरकडचं. तिथं मी वडिलांच्या दांड्याच्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून शिकले होते आणि गावात माझ्याएवढी सायकल कुठल्या मुलीला येत नव्हती. पोरीला मी शिकवणार होते. येणारा रविवार मी त्यासाठी ठेवला होता. तो यायच्या आत, मधल्याच एका संध्याकाळी मी फाट्यावरून चालत येत होते, तर समोरून पोरगी सायकलीवर आली. तिच्या मागं अक्का पळत होती, पदर खोचलेला, कॅरिअर धरलेलं, तोंडातून नुसता फेस यायचा राहिला होता. मला बघून अक्कानं हात सोडला आणि टाळ्या वाजवल्या. तिला स्वतःला सायकलीचं पायडल कुठल्या बाजूला असतं हे माहीत नव्हतं. तरी शिकवली तिनंच. मी म्हणाले, छान. रविवारी मी कपाटं आवरली.

मग मडगार्डांची भानगड झाली. एक दिवस बघते तर सायकलीची दोन्ही मडगार्डं काढून माळ्यावर टाकलेली. नवीकोरी सायकल भुंडी करून ठेवली होती. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, पावसात काढावं लागतंय. मला वाटलं, मी घेतलेली वस्तू आहे तशी हिला बघवत नाही. पोरीच्या शाळेच्या शर्टाला मागं चिखलाची लांबलचक पट्टी उठायची आणि ती धुवायची कुणी, हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. धूत अक्काच होती, पण विचारायला काय जातंय. नवऱ्याला बसवून मडगार्डं परत लावून घेतली. पुढच्याच पावसात पोरगी सायकल खांद्यावर घेऊन घरी आली. आमच्या माहेरचं रान मुरमाड, पाणी पडलं की वाहून जातं. इथली काळी माती चाकाला धरते, मडगार्डात घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. इथल्या लहान पोरांनाही हे माहीत होतं. अक्का काही बोलली नाही. तिनं पाना आणला आणि मडगार्डं काढली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस रोज संध्याकाळी यायचा, अगदी शाळा सुटायच्या आणि माझी गाडी यायच्या वेळेला. पोरीसाठी अक्कानं खोळ केली होती. कांद्याच्या ढिगावर झाकायचा प्लॅस्टिकचा जाड निळा कागद घ्यायचा, त्याचं एक टोक दुसऱ्यात खुपसायचं आणि डोक्यावरून पाठीवर सोडायचं. पूर्वी पोत्याची करायचे, आता कागदाची करतात. मला ते बघवत नव्हतं. मी कमावती बाई, आणि माझी पोरगी कांद्याचा कागद पांघरून शाळेत जाणार? मी तिला रेनकोट आणते म्हटलं होतं. ती म्हणाली, नको काकी, खोळच बरी आहे.

त्या दिवशी इंदापुरातून निघाले तेव्हाच आभाळ भरून आलं होतं आणि माझी छत्री घरी खुंटीला राहिली होती. काटेवाडीच्या अलीकडं पावसानं झोडपायला सुरुवात केली. गाडी हळू झाली. मला उतरायचं होतं म्हणून मी खिडकीची काच पदरानं पुसली आणि बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेनं एक सायकल चालली होती. पुढं माझी पोरगी उभी राहून पायडल मारत होती. मागं कॅरिअरवर अक्का बसली होती, मांडीवर दळणाचा डबा. तिनं तो निळा कागद स्वतःच्या डोक्यावरून घेऊन दोन्ही हातांनी पुढं पोरीच्या डोक्यावर ताणून धरला होता. एका खोळीत दोघी. वाऱ्यानं कागद फडफडत होता, सायकल इकडून तिकडं जात होती आणि दोघी हसत होत्या. आवाज येत नव्हता, पण पोरगी तोंड वर करून हसत होती ते मला दिसत होतं. माझ्यासमोर ती तसं कधी हसली नव्हती.

माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिनंही वाकून बघितलं आणि म्हणाली, "मायलेकींचं बरं चाललंय बघा."

काचेवर पुन्हा वाफ धरली आणि त्यात मला माझंच तोंड दिसलं. कुणी आपल्या ताटातलं उचलून नेल्यावर होतं तसं झालं होतं. गाडीनं सायकलीला मागं टाकलं. फाटा आला. कंडक्टर ओळखीचा, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, उतरायचं नाही म्हणून, आणि तिकिटाचे सुटे पैसे पुढं केले. गाडी न थांबता पुढं गेली. उतरून काय करणार होते? त्या सायकलीमागून चालत घरी जाणार होते?

बारामतीत उतरून मी थेट दुकानात गेले आणि रेनकोट घेतला. गुलाबी, टोपीचा, आतून जाळी असलेला. नवरा ट्रॅक्टरचा कसला तरी पार्ट आणायला बारामतीतच आला होता, त्याला फोन लावला. शेजारच्या मळ्यातल्या तात्यांच्या चारचाकीतून तो आला होता, त्यातूनच आम्ही कन्हेरीकडच्या आतल्या रस्त्यानं, फाट्यावरून न जाता घरी आलो. घराला कुलूप. आत माझी छत्री खुंटीला तशीच लटकत होती आणि अक्काचा फोन चार्जिंगला होता. अंधार पडत आला तरी दोघींचा पत्ता नाही. मनात म्हटलं, अजून फिरताहेत. दळण राहिलं बाजूला, पावसाची मजा चालली आहे.

त्या आल्या तेव्हा दोघींच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सायकल हातात होती. पोरीचे ओठ निळे पडले होते. मी अक्काला जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पोरगी तुमच्या हातात दिली की अशी भिजवून आणता, तुम्हाला काय, आजारी पडली की रजा मला काढावी लागते, वगैरे. रजा मी कधीच काढली नव्हती, हे मला बोलतानाच आठवलं, पण जीभ थांबली नाही. पोरगी पुढं होऊन काहीतरी सांगायला लागली, तर अक्कानं तिच्या दंडाला धरलं आणि डोकं पुसायला आत नेलं. मी रेनकोट पलंगावर ठेवला. पोरीनं तो एकदाच घातला. पायडल मारताना गुडघ्यात अडकतो आणि मांडीवर पाण्याचं तळं साठतं म्हणाली. पुढं कधीतरी तो कडबाकुट्टीच्या मोटारीवर झाकलेला मला दिसला.

त्या रात्रीच मी ठरवलं. दिवाळीची सुट्टी संपली की पोरीला इंदापूरला न्यायचं. तिथं खोली घ्यायची, तिथल्या शाळेत घालायचं, मायलेकी दोघींनीच राहायचं. माझी पोरगी मला हवी होती आणि ती परत घ्यायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. नवरा म्हणाला, मधेच शाळा कशाला बदलायची. दीर म्हणाले, पोरीला विचारलं का? मी कुणाला काही विचारलं नाही. कचेरीजवळची एक खोली बघून घरमालकिणीशी बोलूनही टाकलं. पोरीला सांगितलं तेव्हा ती आधी अक्काकडं बघायला लागली. मला वाटलं होतंच ते.

अक्कानं एका शब्दानं विरोध केला नाही. मला भांडायचं होतं, आणि ती चटणी कुटत होती. लसणाची वेगळी, शेंगदाण्याची वेगळी. पोरीसाठी जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली. एका रविवारी दुपारी ती ओसरीवर गोधडीला टाके घालत बसली होती आणि मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते, कारण तिला आता जवळचं नीट दिसत नाही. पोरगी आत अभ्यास करत होती. अक्का मान वर न करता म्हणाली, "एक सांगू का? तितं गेल्यावर हिला वाट बघाय लावू नगंस. कामावरनं येळंवर येत जा. ही घरात बसून वाट बघत न्हाय. रस्त्यावर जाऊन उभी ऱ्हाती, पाऊस असला तरी."

मी विचारलं, कधी उभी राहिली होती?

"त्या दिशी न्हवं का, तू बारामतीला गेल्ती तवा. शाळा सुटल्यावर गिरणीत आली माझ्याकडं. म्हणली, आई, काकींची छत्री सकाळपासून खुंटीलाच हाय, भिजतील त्या, चल फाट्यावर. तसंच निघालो. पैली गाडी आमच्या अंगावर पाणी उडवून गेली, थांबली न्हाय. मी म्हणलं, चल आता घरी. तर म्हणली, पुढच्या गाडीला असतील. ती बी गेली. मग त्याच्या पुढच्या गाडीला असतील, म्हणली. अंधार पडला तवा मीच वढून आणली."

"मग त्या रात्री सांगितलं का नाही तुम्ही?"

अक्कानं दोरा दातानं तोडला. "तूच बोलत हुतीस की. आमाला कुठं बोलू दिलंस?"

हे ऐकून माझं मन भरून यायला पाहिजे होतं. आलंही, पण ते नंतर. आधी आलं ते वेगळंच. ज्या सायकलीकडं बघून मी जळून खाक झाले होते ती सायकल मलाच घ्यायला निघाली होती, हे कळूनही माझी आग विझली नाही. मी त्या दोघींना डोळ्यांपुढं आणत बसले. एका कागदाखाली उभ्या, प्रत्येक गाडीचे दिवे दिसले की पुढं सरकणाऱ्या, माझ्याबद्दल बोलणाऱ्या. माझी पोरगी आयुष्यात पहिल्यांदा माझी इतकी वाट बघत होती, आणि तेव्हाही तिच्या शेजारी अक्काच होती. ते मला बघायलाही मिळालं नव्हतं. एवढंच नाही, तर ते मला सांगायचं की नाही हेही अक्कानंच ठरवलं होतं. मी उरलेल्या सुया ओवून दिल्या आणि उठले.

त्याच आठवड्यात पुन्हा एका संध्याकाळी पाऊस आला. या वेळी छत्री माझ्या हातात होती. तरी मी काटेवाडीच्या अलीकडंच उठून दारापाशी जाऊन उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, बसा की मॅडम, फाटा आला की सांगतो. मी बसले नाही.

फाट्यावरच्या लिंबाखाली त्या होत्या. पोरगी सायकल धरून आणि अक्का निळा कागद अंगाभोवती गुंडाळून. मी उतरले तशी पोरीनं अक्काकडं वळून बघितलं. बघ, म्हटलं होतं ना मी, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. मग आम्ही तिघी तिथंच उभ्या राहिलो. सायकल एक आणि आम्ही तिघी, हे कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. अक्कानं अंगावरचा कागद काढला, त्याची खोळ नीट केली आणि माझ्या डोक्यावर घातली. माझी छत्री स्वतःकडं घेतली. "बस तू मागं," म्हणाली, "दिसभर काम करून आलीस. मी येती चालत."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. पण मी बसले. पोरगी म्हणाली, "धरा की मला, काकी." मी तिच्या कमरेला हात घातला. ती एवढी वाढली आहे, तिच्या पाठीची हाडं अशी लागतात, हे मला त्या दिवशी हाताला कळलं. एका हातानं मी कागद पुढं तिच्या डोक्यावर धरला. तो वाऱ्यानं सारखा मागं यायचा आणि ती हसायची. सायकल पाटाच्या रस्त्याला लागली. चाकाचा चिखल माझ्या साडीवर उडत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर मी मागं वळून बघितलं. अक्का छत्री घेऊन चिखल चुकवत येत होती. तिची नजर आमच्यावरच होती. आणि ते तोंड मी ओळखलं. एसटीच्या काचेत मी ते पाहिलेलं होतं. फक्त त्या दिवशी ते माझं होतं.

खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. मी पोरीला हळू घे म्हणाले नाही. उलट, पाऊस वाढतोय, जरा जोरात मार, असं म्हणाले. ती उभी राहून पायडल मारायला लागली. पुढं उसाचं वळण होतं. ते घेतलं की मागचा रस्ता दिसत नाही. घरी पोचून चूल पेटवेपर्यंत पोरगी माझी एकटीची होती. खोली नको म्हणून घरमालकिणीला फोन मी नंतर केला. तेव्हा माझ्या मनात तसं काही नव्हतं. तेव्हा मला फक्त ते वळण पाहिजे होतं.

वळणाच्या अलीकडं मी पुन्हा एकदा मागं बघितलं. अक्का चालायची थांबली होती. रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत होती, आपली गाडी न थांबता पुढं गेल्यावर माणूस बघतं तसं. छत्री एका बाजूला कलली होती आणि तिचा एक खांदा भिजत होता.

"थांब," मी म्हणाले.

"का? काय झालं?"

"आईला येऊ दे."

हा शब्द अक्कासाठी माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. पोरीशी बोलताना मी कायम मोठ्या काकी म्हणायची, आणि ती ते ऐकून सोडून द्यायची. तिनं ब्रेक दाबला आणि चिखलात पाय टेकला. मग मान वळवली, आणि मागं अक्का किती लांब आहे हे बघायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं.